शेपटीचा वाटा

त्या वर्षी समुद्र गावात शिरला तो सरळ मधल्या वाटेनं, पाहुण्यासारखा. वादळ नव्हतं, वारा नव्हता, आभाळ धुतल्यासारखं होतं, आणि भर दुपारी बाहेरच्या अंगाला एक लाट उठली ती बेट ओलांडून आतल्या तळ्यात उतरली. ओलांडायला तिला फार कष्ट पडले नसणार. बेट इतकं अरुंद की समुद्राच्या बाजूला कुणी शिंकलं तर तळ्याच्या बाजूचा तोंड पुसतो. जाता जाता लाटेनं दोन डुकरं आणि वाळत घातलेली एक चटई नेली. डुकरं दुसऱ्या दिवशी पोहत परत आली. त्यातलं एक जाताना होतं त्यापेक्षा जाडजूड होऊन आलं, असं त्याचा मालक अजून सांगतो.

पुलाकाच्या खड्ड्यांत शिरलेलं खारं पाणी मात्र परत गेलं नाही.

हे खड्डे पणज्यांच्या पणज्यांनी प्रवाळाचा खडक फोडून, खाली गोडं पाणी लागेपर्यंत खणलेले. त्यांच्या तळाच्या काळ्या चिखलात पुलाका, अळूचा थोरला भाऊ, उभा राहायचा, माणसाच्या डोक्यावर जाणारा, छत्रीएवढ्या पानांचा, आणि खाली मांडीएवढा कंद. बाकी सगळं बेट म्हणजे वाळू आणि नारळ. लाट येऊन गेली आणि आठवड्याच्या आत पानं कडेनं पिवळी पडली. मग देठ वाकले. मग वास सुटला.

लेपेकाच्या घरचा खड्डा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खोल. घरात ती थोरली. थोरल्या बाईनं घरात राहायचं आणि वाटायचं, पुरुषांनी बाहेर जाऊन आणायचं, ही आमच्याकडची रीत. मासा येवो, नारळ येवो, कंद येवो, तो आधी तिच्यासमोर यायचा. ती तोडायची, ज्याचं त्याला द्यायची, आणि सगळ्यांचं देऊन झाल्यावर शेवटी उरलेली शेपूट स्वतःच्या पानात घ्यायची. तिची आई असंच करायची. आई गेली तेव्हा लेपेका न्यूझीलंडात होती. बोटीत बसून ती परत आली, आईच्या जागी बसली आणि आईची सुरी हातात घेतली. कुणी तिला विचारलं नाही, तिनंही कुणाला विचारलं नाही.

खड्डा उपसायचं कामही तिनंच काढलं. सकाळी उजाडलं की ती, तिचा भाऊ केलेमेने आणि मावसबहीण मेले खाली उतरत. आधी बादल्यांनी खारं पाणी उपसायचं. मग फावड्यानं चिखल सोलून टोपल्यांत भरायचा, आणि त्या टोपल्या डोक्यावर घेऊन कडेच्या पायऱ्या चढायच्या. चढताना चिखल कानामागून गळ्यात उतरायचा. प्रवाळाचे कण टाचांत रुतायचे आणि रात्री ते सुईनं काढत बसावं लागे.

"आपण खणतोय ते पाणी काढायला की समुद्राला आणखी वाट करून द्यायला?" मेले म्हणाली.

"तू टोपली उचल," लेपेका म्हणाली.

"उचलते बाई. माझ्या मानेत आता मान उरली नाहीये, नुसता खांब आहे."

मेले विधवा होती, दोन जुळ्या पोरांची आई, आणि तोंडानं बेटावर पहिली. केलेमेने मात्र बोलत नसे. आमच्याकडे भावानं बहिणीसमोर थट्टा करायची नाही, फार वेळ डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि तिनं सांगितलेलं मोडायचं नाही. त्यामुळे लहानपणापासून एका घरात वाढलेली ही दोघं एकमेकांशी बोलली असतील तर कामाचं. "दोरी धर." "धरली." संपलं.

फोन आला तो या कामाच्या मध्येच. धक्क्यावरच्या नव्या टॉवरखाली उभं राहिलं तरच बेटावर फोन लागतो. तिथून हाक आली तशी लेपेका हातपाय न धुता गेली. पलीकडे तिचा जुना मुकादम होता, न्यूझीलंडातल्या रेल्वेच्या यार्डातला. तिथं ती बरीच वर्षं मालगाडीचे डबे जोडायचं आणि सोडायचं काम करत होती. तो म्हणाला, "इंजिन चालवायची एक जागा निघालीय. तुझं नाव मी दिलंय. पुढच्या बोटीनं निघालीस तर शिकवणीला पोचशील. नाही आलीस तर दुसऱ्याला देतील, आणि त्यानंतर तुझं नाव घ्यायला मी तिथं नसेन."

लेपेका पाच वर्षांची असल्यापासून तिला इंजिन चालवायचं होतं. कुठून आलं हे वेड? तिच्या आजीकडं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात सुया असायच्या, आणि झाकणावर डोंगरातून निघालेली आगगाडी. सगळ्या बेटावर चाक असलेली वस्तू तेव्हा एकच होती, सामान ओढायची हातगाडी, आणि तिचंही एक चाक चौकोनी झालं होतं. तिच्यात बसून लेपेका तोंडानं शिटी वाजवायची. मोठेपणी न्यूझीलंडात गेली तेव्हा लोक नोकरी शोधत हिंडले. ही रूळ शोधत हिंडली. पावसात, थंडीत, दोन डब्यांच्या मध्ये वाकून कडी अडकवताना ती इंजिनाकडे बघायची. वर उजेडात एक माणूस बसलेला असायचा, त्याच्यासमोर सगळी वाट मोकळी.

आणि तरी तिथं राहिलेल्या प्रत्येक रात्री तिला तळ्याचं पाणी ऐकू यायचं. परत आल्यावर ते ऐकू येणं बंद झालं, कारण ते शेजारीच होतं. इथं ती पहाटे उठून पाण्यात पाय सोडून बसायची, आणि अंगातलं काहीतरी जागच्या जागी बसायचं. इथली माती तिच्या नखांत होती. दुसरीकडे कुठं मरावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

फोन ठेवून ती परत खड्ड्यात उतरली आणि मेलेला तेवढं सांगितलं.

"मग?" मेले म्हणाली.

"मग काही नाही. बोलू नकोस कुठं."

"मी आणि बोलेन?"

लेपेकानं फावडं उचललं.

त्याच आठवड्यात होड्या भरून कुपा मासे आले. मासे भरपूर आले की ते सगळ्या गावाचे, आणि त्यांची इनाती होते. वाळूवर वाटे मांडले जातात, घरात जेवढी तोंडं तेवढे मासे, तान्ह्यालाही एक आणि म्हाताऱ्यालाही एक. वाटे मांडायचं काम तिनिएलूचं. हातात काठी, वर अंगात काही नाही, आणि कागद-पेन्सिल असली काही भानगड नाही. तो घराचं नाव घ्यायचा, मासे टाकत जायचा आणि पुढं सरकायचा. त्याची बायको सुलू चार पावलं मागे उभी राहून माळ ओढत असायची. पण त्या दिवशी ती नव्हती, तापानं घरी पडली होती.

लेपेकाच्या घरचा ढीग पडला. मेलेनं तो डोळ्यांनी मोजला, मग बोटांनी मोजला.

"एक राहिला वाटतं," ती म्हणाली.

तिनिएलू पुढच्या घरावर गेला होता. वाटणारा मागे वळत नसतो.

"राहिला?" शेजारची बाई म्हणाली. "तिनिएलूचा कधी राहिलाय?"

हे खरंच होतं. तिनिएलूचं चुकत नसे, ही गावाची एकमेव पक्की गोष्ट होती. मेलेचा नवरा होता तेव्हा तिच्या घराला एकदा त्यानं दोन मासे जास्त टाकले होते. ती ते परत करायला गेली, भांडली, आणि पुढं जुळी झाली. त्या वेळी तिचं तिलाही कळलेलं नव्हतं. दुसऱ्या एका इनातीला त्यानं म्हाताऱ्या नाविकाचा वाटाच मांडला नाही. लोक बघायला धावले तर म्हातारा तळ्याकडे तोंड करून बसलेला, गार. तेव्हापासून बायका इनातीच्या आदल्या दिवशी तिनिएलूच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत.

सगळी माणसं लेपेकाकडे बघायला लागली. ती मेलेली तर दिसत नव्हती. गुडघ्यापर्यंत चिखल होता, हातात बादली होती, नाकातून श्वास चालू होता. म्हणजे चालली.

"निघालीस होय गं?" एक म्हातारी म्हणाली. "आणि आम्हाला सांगितलं नाहीस."

लेपेकाची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर तिनिएलू चुकला म्हणावं लागत होतं, आणि हो म्हणायला तिनं अजून स्वतःलाच हो म्हटलं नव्हतं. तिनं माशांची टोपली उचलली आणि घरची वाट धरली.

"जुळ्यांची शपथ," मेले मागून धापा टाकत आली, "मी बोलले नाही. माझी जीभ झडो."

"झडणार नाही ती," लेपेका म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं मासे वाटले. एक कमी होता म्हणून तिनं स्वतःचं पान मांडलंच नाही. केलेमेनेनं ते पाहिलं. त्यानं आपल्या माशाचा तुकडा तोडला, आणि मग तो कुणाच्या पानात टाकायचा ते न कळून परत स्वतःच्याच पानात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. जातेस का, असं एकानंही विचारलं नाही. सगळे विचारत होते, काय काय नेशील. तिकडं प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं. कुणी पंखा आणला, कुणी वाळवलेला मासा, कुणी पानांची विणलेली टोपी.

"माझ्या थोरल्याला दे ही. डोकं मोठंय त्याचं, दाबून बसव."

"आणि हे खोबऱ्याचं तेल. सांडलंस तर बोटीत बसणारे सगळे घसरतील, तेवढं जप."

गाठोडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती तिच्या निजायच्या जागेवर ठेवली गेली. रात्री लेपेका दाराच्या कडेला अंग मुडपून झोपली. परक्यांच्या टोप्या आणि परक्यांचं तेल तिच्या चटईवर पसरून झोपलं होतं.

खड्ड्यातही तसंच. शेजारच्या बायका मदतीला आल्या आणि एकीनं तिच्या हातातून फावडं काढून घेतलं. "जाणाऱ्या बाईनं चिखलात कशाला उतरायचं. वर बस, हात स्वच्छ ठेव." लेपेका वर काठावर बसली. खाली तिच्याच पणजीच्या चिखलात दुसरी माणसं वाकली होती, हसत होती, एकमेकींवर चिखल उडवत होती. तिच्या हातांना काय करावं ते कळेना. ती नखांतली माती काढत बसली, आणि माती निघाली तेव्हा तिला वाईट वाटलं.

बायका गेल्यावर केलेमेने एकटाच खाली राहिला. ती उतरली. दोघांनी बराच वेळ काम केलं. त्यानं तळाशी आणखी थोडं खणलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं.

"गोड?" तिनं विचारलं.

"अर्धं."

ती त्याच्या पाठीकडे बघत होती. पाठीवर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. त्यानं एकदा म्हणावं, राहा. नाहीतर म्हणावं, जा. भावानं बहिणीला यातलं काहीच म्हणायचं नसतं.

"पाऊस आला की उरलेलं निघेल," तो भिंतीकडे बघत म्हणाला. आणि मग, "फावड्याचा दांडा सैल झालाय. बोटीच्या आधी बसवून टाकतो."

बोटीच्या आधी. म्हणजे त्यानंही तिला मोजण्यातून काढलं होतं.

त्या संध्याकाळी लेपेका तिनिएलूच्या घरी गेली. वाटेत तिनं मनाशी वाक्य जुळवलं होतं. मी जात नाहीये, माझा वाटा परत मांडा. एवढंच. म्हाताऱ्याला राग आला तर येऊ दे. आपल्याला एका फुकट माशासाठी नाही, आपण इथं आहोत एवढ्यासाठी तो हवाय.

तिनिएलू घरामागे नारळ खवत बसला होता. तिला बघून हसला, आणि खवता खवता त्याचा हात थांबला.

"ये, ये," तो म्हणाला. "बस... बस की." तो तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता. "कुणाची गं तू?"

लेपेकाला वाटलं थट्टा करतोय. मग त्याचे डोळे दिसले. आतून सुलू बाहेर आली, तापानं खंगलेली, भिंतीला धरून.

"लेपेका आहे," ती पटकन म्हणाली. "थोरल्या खड्ड्यावरची. आई गेली म्हणून परत आलेली."

"हां, लेपेका," तिनिएलू म्हणाला. नारळ परत खवायला लागला, पण खवणीवर करवंटी आता रिकामी होती आणि त्याला ते कळत नव्हतं.

सुलूनं माळ हातात घेतली होती. बोटं मण्यांवर होती आणि ओठ हलत होते, आणि लेपेकाला पहिल्यांदा ते ऐकू आलं. सुलू प्रार्थना म्हणत नव्हती. ती घरांची नावं म्हणत होती. एका मण्याला एक घर, त्या घरातली तोंडं, मग पुढचा मणी. गाव समजत होतं म्हातारी देवाचं नाव घेतेय, आणि ती चार पावलं मागे उभी राहून नवऱ्याला अख्खं बेट पुरवत होती.

"कधीपासून?" लेपेकानं हळूच विचारलं.

"जुळ्यांनंतर लगेच," सुलू म्हणाली. "त्या दिवशी ताप होता गं मला. म्हटलं, एक दिवस निभेल. सगळे वाटे बरोबर मांडले त्यानं. एक तूच राहिलीस."

एक तूच. ती कुणाला दिसली नव्हती, कुणाला कळली नव्हती. ती नुसती विसरली गेली होती.

तिनिएलूनं मान वर केली. आता त्याचे डोळे स्वच्छ होते, आणि ते जास्त वाईट होतं. तो बायकोकडे बघत नव्हता, लेपेकाकडे बघत होता.

"पोरी," तो म्हणाला, "तू जातेयस ना? लोक म्हणतात, तिनिएलूला आधी कळलं. मी बरोबर मांडलं होतं ना?"

करवंटी धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. लेपेकानं जुळवून आणलेलं वाक्य तोंडात होतंच.

"बरोबर मांडलं होतंत," ती म्हणाली. "मी जातेय."

म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून ती बोलली. आणि बोलल्याबरोबर काहीतरी सुटलं, यार्डात कडी सुटावी तसं. ते खोटं नव्हतं. पहिल्या दिवशी टॉवरखालीच ते खरं झालं होतं, फक्त तिनं ते कुणाच्या तोंडून तरी ऐकायचं ठेवलं होतं. ते तिच्याच तोंडून आलं. घरी जाताना ती तळ्याकाठी थांबली आणि पाण्यात पाय सोडून बसली. पाणी कोमट होतं. या वेळी काहीच जागच्या जागी बसलं नाही.

बोट आली. गाठोडी आधी चढली, मग ती. सुरी तिनं मेलेच्या हातात दिली.

"जुळ्यांना मोठे तुकडे देऊ नकोस," ती म्हणाली.

"देईन," मेले म्हणाली. "तू बघायला आहेस का?" आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

केलेमेनेनं तिची पेटी होडीतून बोटीवर चढवली. उतरताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "काल चाखलं. गोड झालंय." एवढं बोलून तो होडीत उतरला आणि वल्हं मारत निघून गेला. किनारा येईपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. लेपेकानं मात्र पाहिलं. आमच्या बेटाला मावळायला वेळ लागत नाही. आधी वाळू जाते, मग घरं, मग नारळांचे बुंधे, आणि शेवटी नुसते शेंडे पाण्यावर उभे राहतात.

इंजिन चालवायला लेपेका शिकली. शिकवणारा म्हणायचा, ही बाई लिव्हरला हात लावते तेव्हा लिव्हर अंग चोरून बसतं. हिवाळा सरला, आणि एके दिवशी तिला एकटीला गाडी मिळाली. इतकी लांब की आमच्या बेटावर आडवी ठेवली असती तर इंजिन समुद्रात बुडालं असतं आणि शेवटचा डबा तळ्यात. उजेडातल्या त्या खुर्चीत ती बसली. समोर सगळी वाट मोकळी होती. ती पाच वर्षांची झाली. मग डोंगर आला, बोगदा आला, बाहेर पाऊस आला. हे सांगायला बाजूला वळली तर बाजूला काच होती.

एकदा दुपारी गाडी मालधक्क्यावर उभी होती, डब्यांत लाकडं भरत होते. लेपेका रुळांशेजारच्या बाकावर जेवणाचा डबा घेऊन बसली होती. डब्यात एकच ब्रेड होता, आणि तिनं सवयीनं सुरीनं त्याचे घरच्या तोंडांइतके आठ तुकडे केले होते. त्या तुकड्यांकडे ती बघत असताना फोन वाजला.

"काल इनाती झाली," केलेमेने म्हणाला. फोनवर तो बोलायचा. मध्ये एवढा समुद्र असला की डोळ्याला डोळा द्यायचा प्रश्न उरत नव्हता. गेल्या सहा महिन्यांत दोघं जितकं बोलली तितकं आधीच्या चाळीस वर्षांत बोलली नसतील. "तुझा मासा आलाय."

"माझा?"

"तिनिएलूनं मांडला. मेले म्हणाली एक जास्त आहे. तर सगळे म्हणाले, तिनिएलूचा कधी जास्त झालाय? आता गाव म्हणतंय तू परत येणार. टोपीवाली तर विचारत होती, बोट कुठली."

लेपेकानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "सुलू होती का तिथं?"

"होती की. नेहमीसारखी मागे उभी. माळ ओढत."

लेपेकानं फोन दुसऱ्या कानाला लावला. वारा फार होता. बेटावरच्या कुठल्याशा मण्यावर सुलूचं बोट तिच्यासाठी थांबत होतं, आणि ते तिला आणि सुलूलाच ठाऊक होतं.

"वाटला का मग?" तिनं विचारलं.

"नाही. मेले सुरी लावत नाही. म्हणते, माणूस असा समोर नसताना त्याचा वाटा कसा तोडायचा. तूच सांग म्हणते. मासा आणि पाट घेऊन इथं टॉवरखालीच बसलीय."

"डोकं तुला," लेपेका म्हणाली. "डोळे जुळ्यांना, एकेक, नाहीतर भांडतील. पोट मेलेला. कुरकुरेल, पण घेईल. पाठ तुझ्या घरच्यांना."

पलीकडे सुरी पाटावर आपटल्याचा आवाज आला. मेले काहीतरी पुटपुटली.

"आणि शेपूट?" केलेमेने म्हणाला.

धक्क्यावरच्या माणसानं दुरून हात वर केला. डबे भरून झाले होते.

"शेपूट तुझी असते," तो म्हणाला. असलं काही तो तिच्यासमोर कधी बोलला नसता.

"पानावर ठेव," ती म्हणाली. "माझ्या जागेवर."

"मांजर खाईल."

"खाऊ दे. पण आधी ठेव."

फोन खिशात टाकून ती इंजिनात चढली. केबिनमध्ये खुर्ची एकच होती. तिनं ब्रेक सोडला, लिव्हर हळूच पुढं केलं. मागं पहिल्या डब्याची कडी ताणली गेली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, असा धक्का मागे मागे जायला लागला. यार्डात असताना तो शेवटच्या डब्यापर्यंत पोचलेला ती डोळ्यांनी बघायची. इंजिनात बसलं की तो अर्ध्यावरच ऐकू येईनासा होतो. शेवटचा डबा हलला असेल, असं धरून पुढं जायचं असतं.